ताई, कॅम्पसला लाईफ असतंय काय?

या वेळचं पत्र जरा लांब होतं, थोडं कापून देतेय.

"ताई, मी आजऱ्याकडची. बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.एस्सी.साठी शिवाजी विद्यापीठाची एंट्रन्स देणार आहे. मोठा भाऊ म्हणतो पुण्यालाच जा, कोल्हापूर म्हणजे घरच की, तिथं काय लाईफ आहे. बाबा म्हणतात होस्टेल मिळालं तरच पाठवणार, बाहेर रूमवर ठेवणार नाही. आई म्हणते दर शनिवारी घरी यायचं. मला इंग्लिशची भीती वाटते, रॅगिंगची पण. खर्चाचं टेन्शन आहेच, कमवा-शिका असतं म्हणे, ते मिळतं का? आणि सोबत एमपीएससी करावी काय? कॅम्पस शहरात आहे का बाहेर? मुलगी एकटी राहू शकते का? स्कूटी आणू का? प्रश्न लई झाले, सॉरी."

अगं सॉरी कशाला, विचारायचंच असतं. पण तुझं पत्र वाचताना एक गोष्ट लक्षात आली, यातले निम्मे प्रश्न तुझे नाहीतच, भावाचा एक, बाबांचा एक, आईचा एक, आणि तुझे स्वतःचे त्याच्यामागं दबकून उभे राहिलेत. म्हणून आधी तुझे घेते, घरच्यांचे नंतर.

कॅम्पस शहरात आहे का बाहेर, तर दोन्ही. 1962 साली विद्यापीठ झालं तेव्हा सागरमाळाचा हा सगळा भाग म्हणजे गावाबाहेरचा उघडा माळ, आता शहर त्याच्या चारी बाजूंनी वाढत आलंय, पण आतली जागा तशीच राहिली, 853 एकर. तुझा भाऊ पुण्याचं सांगतो ना, तिथल्या विद्यापीठाचा कॅम्पस 411 एकर, म्हणजे आपला दुपटीहून जास्त, हे त्याला सहज जेवताना ऐकव. गेटातून आत आलीस की समोर मेन बिल्डिंग, पुढं शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, तिथं सगळेच फोटो काढतात, तू पण काढ, लाजू नको. पण खरा कॅम्पस त्याच्या मागं सुरू होतो. चढउताराचे रस्ते, झाडी, तळी, सकाळी सकाळी मोर ओरडतात, पहिला आठवडा पोटऱ्या दुखतात मग सवय होते. आणि गेटाबाहेर पडून सायबर चौकाकडं किंवा राजारामपुरीत आलीस की एकदम शहर, झेरॉक्स, मेस, वडापाव, कॉट बेसिसच्या (रूममधली एक खाट भाड्यानं) पाट्या, सगळं. स्टँडवरून केएमटी, म्हणजे शहर बस आहे, रिक्षा आहे.

आता लाईफचं. हा शब्द तू भावाच्या तोंडी घातलायस पण मला वाटतंय तुझ्या पण मनात आहे, असू दे, चूक काय त्यात. फक्त एक समजून घे की रीलमध्ये बघतेस ते डेज, गॅदरिंग, कट्ट्यावर पन्नास पोरांचा ग्रुप, ते बहुतेक डिग्री कॉलेजचं नाहीतर इंजिनिअरिंगचं असतंय. विद्यापीठाच्या कॅम्पसवर मुख्यतः एम.ए., एम.एस्सी. आणि पीएचडीवाले असतात, डिग्रीची बहुतेक पोरं कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतल्या संलग्न कॉलेजात, जशी तू आत्ता आहेस. इथं प्रत्येक विषयाला अधिविभाग म्हणतात आणि तुझी दोन वर्षं खरं सांगायचं तर कॅम्पसवर नाही, एका अधिविभागात जाणार. एक बिल्डिंग, एक वर्ग, दोन-तीन लॅब, ठराविक सर-मॅडम, आणि पीएचडी करणारे दादा-ताई जे रात्री उशिरापर्यंत तिथंच असतात. म्हणून 'कॅम्पस कसा आहे' यापेक्षा 'अधिविभाग कसा आहे' हे विचार. लाईफ असलं तर तिथं असतं, प्रॅक्टिकलला रीडिंग येत नाही म्हणून चौघी मिळून चहाला जाता आणि तिथं कुणीतरी सिनियर सांगतो अगं तुमचं कनेक्शनच उलटं आहे, त्यातनं ओळखी होतात त्या वीस वर्षं टिकतात.

फिजिक्सचं म्हणशील तर इथं मटेरियल सायन्स आणि थिन फिल्मचं काम फार वर्षांपासूनचं आहे, महागडी उपकरणं एकत्र ठेवलेलं कॉमन फॅसिलिटी सेंटर कॅम्पसवरच आहे, नॅनोसायन्सचं वेगळं स्कूल आहे. इथल्या फिजिक्स-केमिस्ट्रीवाल्यांचा पीएचडीनंतर दक्षिण कोरियाला जायचा तर एक राबताच पडलाय. पण इंजिनिअरिंगसारखी कंपनी येईल, लाईन लावून घेऊन जाईल असं एम.एस्सी. फिजिक्सला धरून चालू नको, इथंच नाही, कुठंच. सेट-नेट (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा), बी.एड., संशोधन, नाहीतर स्वतः शोधलेली नोकरी, असे रस्ते आहेत. हे आधी माहीत असलं की दुसऱ्या वर्षात रडायला येत नाही.

इंग्लिश. शिकवणं इंग्लिशमधून, पुस्तकं इंग्लिश, पेपर इंग्लिश. पण तू बी.एस्सी. पण इंग्लिशमध्येच लिहितेयस की, मग भीती नक्की कशाची? मला वाटतं सेमिनारची, उभं राहून बोलायची. तर ऐक, वर्गात तुझ्या आजूबाजूला चंदगड, शाहूवाडी, जत, पाटण असल्याच ठिकाणांहून आलेली पोरं असणार, सगळ्यांची तीच गत. सर पण अवघड भाग आला की मराठीत येतात. पहिल्या सेमिस्टरला ज्यांनी तोडकंमोडकं का असेना सेमिनारला आधी हात वर केला ते सुटले, जे 'मी शेवटी घेतो' म्हणून मागं सरकले ते शेवटपर्यंत सरकतच राहिले. आधी घे. वाईट झाला तर झाला, कोण लक्षात ठेवतंय.

रॅगिंगबद्दल दोन ओळीत. महाराष्ट्रात 1999 पासून कायदाच आहे, वरून यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे नियम, अ‍ॅडमिशनच्या वेळी तुझ्याकडून आणि पालकांकडून अँटी-रॅगिंगचं हमीपत्र घेतात. यूजीसीची 1800-180-5522 ही हेल्पलाईन चोवीस तास चालू असते, नंबर सेव्ह कर. छेडछाडीसारखं काही झालं तर त्यासाठी प्रत्येक विद्यापीठ-कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते, तिच्यातल्या मॅडमची नावं नोटीस बोर्डवर शोधून फोटो काढून ठेव. लागणार नाही बहुतेक. पण लागली तर तेव्हा कुठं शोधत बसणार.

एकटी राहू शकते का, हो, राहतेस की. हजारो राहतात. एवढंच की कॅम्पस मोठा आहे, रात्री काही रस्ते सामसूम असतात, झाडी आहे म्हणजे साप पण आहेत, त्यामुळं लायब्ररीतून उशिरा निघताना दोघीतिघी मिळून निघा, मोबाईलचा टॉर्च चालू ठेवा, पायात चप्पल नको बूट असू दे. होस्टेलला आत यायची वेळ असते, सगळीकडच्या मुलींच्या होस्टेलला असते, मुलांना म्हणून जरा ढील असते आणि त्याचा मला आजही राग येतो, पण तो विषय वेगळा, त्याच्यावर एक अख्खं सदर लिहीन कधीतरी.

आता बाबा. होस्टेल मिळालं तरच, असं ते म्हणतात, त्यांची काळजी कळते पण ही अट घालून बसलात तर अ‍ॅडमिशन हातचं जायचं. कारण अ‍ॅडमिशन मिळालं म्हणजे होस्टेल मिळालंच असं नसतं, त्याचा फॉर्म वेगळा, लिस्ट वेगळी, आणि सीट कमी अन् मागणारे जास्त हे कुठल्याही विद्यापीठात ठरलेलं. अ‍ॅडमिशन झाल्याच्या दिवशीच होस्टेलचा फॉर्म भर, पहिल्या यादीत नाव नाही आलं तर लगेच गाशा गुंडाळू नका, पोरं दुसरीकडं जातात, सीट सुटतात, ऑफिसला सारखं जाऊन विचारायचं, लाजायचं नाही.

तोपर्यंत बाहेर कॉट बेसिसवर राहायची तयारी ठेवा आणि ती बघायला बाबांनाच घेऊन ये, म्हणजे त्यांचं मन पण बसेल. रूम बघताना भाडं सगळेच विचारतात, तू बाकीचं विचार. डिपॉझिट किती आणि सोडताना परत देणार का कापणार, लाईटबिल वेगळं का, सोलरचं गरम पाणी पावसाळ्यात मिळतं का, वर्षाचं भाडं मागतात का दहा महिन्यांचं, घरी आई आली तर एक रात्र राहू शकते का. मेसला विचार की खाडे वजा करतात का आणि किती दिवस आधी सांगावं लागतं, कारण तू घरी जाणार, परीक्षेआधी सुट्टीवर जाणार, आणि महिन्याचे पूर्ण पैसे भरून निम्मी जेवणं खाणार. आधी दोन दिवस पैसे देऊन जेवून बघ मग महिना लाव. बुधवार-रविवारच्या रश्श्यावरून मेस ठरवू नको, मंगळवारची आमटी बघ.

आणि बाबांना हे पण सांग की परगावची पोरं ठेवून घ्यायची सवय कोल्हापूरला आजची नाही. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या मुलांसाठी 1908 ला मिस क्लार्क होस्टेल आलं. दसरा चौकात गेलात तर आजही त्यातली काही दिसतील, बापलेक मिळून बघून या. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकायला होते ते जैन बोर्डिंगातच, आणि मिस क्लार्क होस्टेलच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर अंघोळ करून आत ये म्हटलं तर त्यांनी नकार दिला म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं असं सांगतात. पुढं त्यांनीच 1919 ला रयत शिक्षण संस्था काढली आणि पोरांना काम करत शिकवलं.

तिथून येते तुझ्या कमवा-शिकावर. हो, विद्यापीठात ही योजना आहे, मुलांसाठी आहे तशी मुलींसाठी पण आहे, राहायची सोय पण त्यात येते, आणि विद्यापीठातल्याच वेगवेगळ्या विभागांत रोज काही तास काम करायचं असतं. जागा मर्यादित असतात, घरची परिस्थिती आणि मार्क बघतात, मुलाखत होते, त्यामुळं जाहिरात कधी येते यावर अधिविभागाच्या ऑफिसात जाऊन लक्ष ठेव, व्हॉट्सअ‍ॅपवर येईल म्हणून बसू नको. एक अडचण आधीच सांगते, सायन्सच्या प्रॅक्टिकलमुळं तुझी दुपार जाणार आणि त्यात कामाचे तास, दमायला होतं. पण केलेल्या मुली बघितल्यात मी, वेळेचा हिशोब त्यांच्याइतका कुणाला जमत नाही. त्यात कमीपणा वाटून घेऊ नको आणि कुणी वाटायला लावला तर त्याच्याशी मैत्रीच करू नको.

खर्चात अजून एक, गावाकडं सध्या सगळे सांगतात मुलींना कॉलेज फुकट झालंय. तसं नाही. जुलै 2024 चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे, इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे, कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींसाठी. एम.एस्सी.चं बजेट त्याच्यावर बांधू नको. तू ज्या प्रवर्गात बसतेस त्याची स्कॉलरशिप महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर बघ आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, लागत असेल तर नॉन-क्रिमिलेयर, हे सगळं आत्ताच काढून ठेव, कारण जुलैत तहसीलला आणि सेतूला एवढी गर्दी असते की दाखला येईपर्यंत तारीख गेलेली असते. एक फायदा तुझा असा की आजऱ्याचं कॉलेज याच विद्यापीठाचं, त्यामुळं मायग्रेशन सर्टिफिकेटची भानगड नाही, पुण्याला गेलीस तर ती काढावी लागेल.

आईचं शनिवारचं प्रकरण मात्र मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं आणि इथं मी आईच्या विरुद्ध आहे. आजरा ते कोल्हापूर एसटीने दोन-अडीच तास, 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट, त्यामुळं येणं सोपं आहे आणि तिथंच घोळ होतो. शनिवारी दुपारी होस्टेलं रिकामी व्हायला लागतात, सगळ्या पिशव्या घेऊन स्टँडवर, सोमवारी सकाळी डबे घेऊन परत. मग ह्याच मुली म्हणतात इथं काही लाईफ नाही. असेल कसं बाई, तू असतेस कधी? कोल्हापूर म्हणजे घरच, हे तुझ्या भावाचं वाक्य खरं ठरतं ते फक्त दर शनिवारी पळणाऱ्यांच्या बाबतीत. आईला सांग महिन्यातनं दोनदा येते. पहिला महिना ती रडेल, तू पण रडशील, चालतंय.

थांबलीस की रविवारी काय करायचं हा प्रश्न पडणार नाही. शाहू स्मारक भवनला सारखं काहीतरी असतं, चित्रांचं प्रदर्शन, व्याख्यान, आणि बऱ्याचदा फुकट. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून चालू आहे, एकदा आत जाऊन तरी ये. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियमवर फुटबॉल, आणि इथला फुटबॉल म्हणजे तालमींचा, पेठांचा, पाटाकडील विरुद्ध खंडोबा अशी दोन तालमींची मॅच असली की पेठाच्या पेठा रिकाम्या होऊन तिकडं, ग्रुपने जा, आरडाओरडा कर, पण चुकीच्या बाजूला बसू नको. संध्याकाळी रंकाळा आहेच, रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं दूध पी एकदा. पन्हाळा वीसएक किलोमीटर. आणि काहीच नको वाटलं तर होस्टेलात पडून राहा, कपडे धू, ते पण राहणंच आहे.

एमपीएससी सोबत करावी काय, तर माझं मत, नको. पहिल्या वर्षी तर नकोच. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, फावल्या वेळात एमसीक्यू घोकून निघेल असं ते राहिलं नाही. लायब्ररीत, म्हणजे खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात, तुला ढिगानं पोरं दिसतील ज्यांची एम.एस्सी. पण अर्धी आणि एमपीएससी पण अर्धी, दोन्हीकडं पाय, आणि घरी सांगतात अभ्यास चालू आहे. तू पहिलं वर्ष फक्त फिजिक्स कर, दुसऱ्या वर्षाला सेट-नेटचा फॉर्म भर, शेवटच्या वर्षाच्यांना भरता येतो, आणि तोच अभ्यास तुझ्या एम.एस्सी.ला पण लागतो. त्यानंतर अधिकारीच व्हायचं वाटलं तर हो की, कोण अडवतंय.

पुणं वाईट आहे का, अजिबात नाही. तुला तिथल्या एखाद्या ठराविक विषयात, ठराविक लॅबमध्ये काम करायचं असेल आणि घरून दोन वर्षांचा खर्च झेपत असेल तर जा, मी अडवणार नाही. पण 'लाईफ' म्हणून जाणार असशील तर पुण्यात रूमचं भाडं आणि ट्रॅफिक याच्यातच निम्मं लाईफ जातं. भावाला विचार, तू स्वतः जाऊन राहिलायस काय तिथं? माझा अंदाज, नाही.

ठरवायच्या आधी एक काम कर. सुट्टीचा नाही, कार्यक्रमाचा नाही, असा कुठलातरी साधा मंगळवार-बुधवार धर, सकाळच्या एसटीनं ये, सरळ फिजिक्स अधिविभागात जा. ऑफिसात फॉर्मचं विचारून झालं की दुसऱ्या वर्षाच्या मुली गाठ, डबा खाताना गाठ, आणि त्यांना 'कसं आहे' असं विचारू नको, सगळ्या 'छान आहे' म्हणतात. असं विचार की प्रॅक्टिकल खरोखर होतात का, प्रोजेक्टला गाईड कसा मिळतो, गेल्या बॅचच्या मुली आत्ता कुठं आहेत, होस्टेलची यादी यंदा कधी लागली, कुठल्या मेसला जाता आणि कुठली सोडली. अर्ध्या तासात तुला माझ्या या पत्रापेक्षा जास्त कळेल.

पावसाळ्याचं राहिलंच. अ‍ॅडमिशनची धावपळ बरोबर जुलै-ऑगस्टला येते आणि तेव्हाच पंचगंगा चढते. 2005, 2019, 2021 चे महापूर आजऱ्यातनं तू ऐकलेच असशील. विद्यापीठ उंचावर आहे, तिथं पाणी येत नाही, पण रस्ते बंद होतात, एसट्या बंद होतात, 2019 ला तर शहरात नळाला पाणी नव्हतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका, ते आकडे इथं प्रत्येकाच्या तोंडात असतात. त्या दिवसांत 'कागदं द्यायला उद्या जाते' म्हणू नको, मिळालेल्या तारखेतली पहिली तारीख धर. आणि ओरिजिनल कागदं दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत.

राहता राहिली स्कूटी. पहिलं सेमिस्टर आणू नको. होस्टेल मिळालं तर अधिविभाग चालत जायच्या अंतरावर, बाहेर राहिलीस तर केएमटीचा पास काढ. स्कूटी असली की सगळ्या मैत्रिणींना स्टँडवर सोडायचं काम तुझ्यावर येतंय आणि पेट्रोलचे पैसे कुणी काढत नाही. दिवाळीनंतर बघू, तोवर लायसन तरी काढ, पत्रात ते आहे का नाही ते लिहिलंच नाहीस तू.